स्वर ऐकावयाचा की पाहावयाचा?

चिनी भाषेचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून एक अभिप्राय हटकून ऐकू येतो. त्या भाषेत एकाच अक्षराचे सुरानुसार चार अर्थ होतात. तेव्हा ज्याला गाण्याचा कान नाही त्याने तिच्या वाटेस जाऊ नये. यातील पूर्वार्ध खरा आहे. मँडरिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणभाषेत 'मा' हे अक्षर उंच व सपाट सुरात आई, चढत्या सुरात ताग, खाली दबून पुन्हा उठणाऱ्या सुरात घोडा आणि झपाट्याने उतरणाऱ्या सुरात रागे भरणे, असा अर्थ देते. उत्तरार्ध मात्र आम्हांस मान्य नाही. त्यात सुराचा सगळा कारभार एकट्या कानाच्या हवाली केला आहे.

डोळाही ऐकतो, हे आता सिद्ध झालेले आहे. कानावर 'बा' पडत असता समोर 'गा' म्हणणारे ओठ दिसले, तर पुष्कळांस 'दा' ऐकू येते, असे मॅकगर्क व मॅकडोनाल्ड या विद्वानांनी 1976 साली दाखविले. परंतु ही झाली वर्णांची गोष्ट. सूर कंठात उपजतो. तो ओठांवर कसा दिसावा? चेन व मसारो यांनी 2008 साली नेमका हाच प्रश्न तपासला. आवाज काढून टाकून केवळ बोलणाऱ्याचा चेहरा दाखविला असता मँडरिन जाणणाऱ्यांस सूर ओळखता आले; पण फारच बेताचे, निव्वळ अटकळीहून थोडे अधिक इतकेच. पुढे मान, हनुवटी व मुख यांच्या हालचालींकडे कसे पाहावे हे सांगितल्यावर त्यांची ओळख सुधारली. आमच्या मते खरे महत्त्व या सुधारणेला आहे. सूर पाहणे ही उपजत देणगी नसून शिकविता येण्याजोगी विद्या आहे, असा त्याचा अर्थ.

आणि ही विद्या शिकविण्याची सोय आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. मराठीत सुराने शब्दाचा अर्थ बदलत नाही. 'आला' व 'आला?' यांतील भेद वाक्याचा आहे. वैदिक भाषेत मात्र उदात्त, अनुदात्त व स्वरित यांवर अर्थ अवलंबून असे. 'इन्द्रशत्रु' या शब्दातील स्वर चुकला आणि इंद्राला मारणारा व्हावयाचा तो इंद्राकडून मारला जाणारा झाला, ही महाभाष्यात उल्लेखिलेली कथा वाचकांस ठाऊक असेलच. चिनी 'मा'ची गंमत वाटणाऱ्यांनी ही कथा विसरू नये.

आम्ही राहतो त्या नशिराबादेस काय, किंवा एकंदर खानदेशात काय, शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेची घराणी नवी नाहीत. या शाखेचा पाठ ज्यांनी समोर बसून पाहिला असेल (आम्ही बुद्ध्याच 'पाहिला' म्हणतो), त्यांस पाठकाचा उजवा हात सारखा वरखाली व बाजूस होताना दिसला असेल. पाणिनीय शिक्षेत अनुदात्ताचे स्थान हृदयाशी, उदात्ताचे मस्तकाशी व स्वरिताचे कानाच्या मुळाशी सांगितले असून, हस्तावाचून वेद म्हणणाऱ्यास कठोर दोषही दिला आहे. इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढीने या हातवाऱ्यांस कर्मकांड म्हणून हसण्यात पुरुषार्थ मानला. वास्तविक ते अध्यापनशास्त्र होते. आज मँडरिनचे शिक्षक हवेत हात चढवून व उतरवून सूर शिकवितात, तेव्हा त्या पद्धतीस कोणी हसत नाही!

येथे एक शंका रास्त आहे. हात हा संकेत झाला. मान व हनुवटी यांची हालचाल ही सुराची सहज सोबतीण. दोन्ही एक कशी? एक नव्हेतच. संकेत मुद्दाम शिकावा लागतो. परंतु त्याचा एक गुण विलक्षण आहे. पुष्कळ माध्यंदिन पाठकांच्या कंठात स्वरांची उंची-नीचता आज फारशी उरलेली नाही. ती हातात मात्र उरली आहे. कानाने जे गमावले ते डोळ्याने राखले, असे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

कागदावरील खुणांची योग्यता याहून कमी. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिताना, 1958 साली स्वीकारलेल्या पद्धतीत, माथ्यावरची रेघ सुराचे चित्रच काढते. सपाट सुरास आडवी, चढत्यास चढती. ऋग्वेदाच्या पोथीत अनुदात्ताखाली आडवी रेघ व स्वरितावर उभी रेघ असते, आणि उदात्त बिचारा कोराच राहतो. ते चित्र नव्हे, ती केवळ आठवण; गुरू समोर नसेल तर मुकी. पुण्याचे पु. वि. बापट यांनी चिनी बौद्ध ग्रंथांचा व्यासंग केला, त्या कामी पृष्ठावरील चिन्हे पुरेशी होती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले व 1942 साली तेथेच निवर्तले. रुग्णांशी त्यांच्याच भाषेत बोलणाऱ्या त्या डॉक्टरांस चिनी भाषा भेटली ती माणसांच्या मुखांवर.

म्हणूनच नुसत्या ध्वनिमुद्रणावर विसंबून मँडरिन शिकू पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही सांगतो की, बोलणाऱ्याचा चेहरा दिसेल अशीच साधने निवडा. वेदपाठाच्या जतनाविषयीही आमचे हेच म्हणणे आहे. युनेस्कोने 2003 साली वेदपठणाच्या परंपरेचा गौरव केला, तेव्हापासून मुद्रणाचा उत्साह वाढला तर आनंदच आहे. पण माध्यंदिन पाठाचा केवळ आवाज टिपून ठेवल्यास हात टिपला जाणार नाही, आणि त्या हातातच तर स्वर आहे. खानदेशातील जे वृद्ध पाठक अजून हस्तासह म्हणतात, त्यांच्यासमोर यंत्र ठेवावयाचे ते चित्र घेणारे ठेवावे, आणि ते उजव्या हाताच्या बाजूस.