रक्त कुणाचं तपासायचं?



ही टीका आहे आणि तिचा पहिला दगड माझ्याच कवितेवर पडणार आहे. मग तुमच्यावर.

मागच्या एप्रिलात, तेरा तारखेच्या रात्री, विहाराच्या अंगणात कवितावाचन होतं. तिसरी पाळी बुडवून मी गेलो. वस्तीवरच्या बाईवर लिहिलेली कविता वाचली. तिच्यात गटार होतं, पू होता, सडलेलं शहर होतं, आणि शहराचा सगळा रोग त्या बाईच्या अंगात साठलेला होता. शेवटी ती बाई मरते आणि तिच्या मढ्यातून क्रांती उगवते. टाळ्या पडल्या. एका कार्यकर्त्यानं मिठी मारली. मला वाटलं, जमलं.

मागच्या रांगेत एक अक्का बसली होती. विहारामागच्या गल्लीत राहते. आधी धंदा करायची. आता दहा-बारा वर्षं निरोध वाटायचं आणि पोरींना तपासणीला नेण्याचं काम करते. चहाच्या वेळी तिनं मला बोलावलं.

"कवी, ऐकली बाबा तुजी कविता. समदं बाईच्याच अंगावर लिवलंयस. गिऱ्हाईक कुटं हाय त्यात?"

मी म्हटलं, "अक्का, गिऱ्हाईक म्हंजे ही सगळी समाजव्यवस्था."

"आसंल. पर वेवस्था निरोध घालत न्हाई. बाप्या घालतो, न्हाईतर घालत न्हाई." मग चहाचा घोट घेऊन, अगदी सहज, "तू तपासून घेतलंस काय रं कधी?"

मी गप्प. गप्प का, ते सांगतो. मी त्या गल्लीत फक्त कविता शोधायला गेलो नव्हतो. पगाराच्या दिवशी दोनदा गिऱ्हाईक म्हणून गेलो होतो. कवितेत मी साक्षीदार होतो, गल्लीत मात्र रांगेत उभा होतो. ही कविता खोटी आहे ती इथंच. तिच्यातला एक माणूस मी पळवून लावला आणि तो माणूस मीच होतो.

घरी येऊन मग मी या अंकासाठी आलेल्या कवितांचा गठ्ठा काढला. वस्तीवरच्या पंधरा-वीस तरी असतील. बहुतेकांत 'योनी' आहे, 'जखम' आहे, 'गुप्तरोग' आहे. निरोध एकीतही नाही. दवाखाना एकीत आहे, तोही मुडदाघराच्या बाजूनं. आणि गिऱ्हाईक? असला तर शेटजी असतो, पुढारी असतो, भटजी असतो. आपल्यातला कुणी नसतो. यंत्रमागावरचा पोरगा नसतो, हमाल नसतो, जलसा संपवून परतणारा गायक नसतो. मित्रांनो, पगाराच्या संध्याकाळी त्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बघा कोण आत जातं ते. शेटजीला गल्लीत यायची गरजच काय?

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. मराठी कवितेनं ज्या वस्तीकडे नाकाला रुमाल लावून पाहिलं होतं, तिची भाषा त्यांनी पांढरपेशा वाचकाच्या ताटात वाढली. ते तिथंच वाढले होते. त्यांना शब्द शोधायला जावं लागलं नाही. आपण काय केलं? शब्द उचलले, वस्ती सोडली. ढसाळांची शिवी ही ओळखीची खूण होती, आपण ती मसाला म्हणून टाकतो. पन्नास वर्षांनंतरही आपली बाई १९७२ च्याच आजाराने मरते. प्रस्थापितांच्या कादंबरीत ती 'पतिता' होती, आपल्या कवितेत 'जखम' झाली. दोन्हीकडे ती बोलत नाही आणि दोन्हीकडे रोग तिच्याच अंगात.

रोग बाईत शोधायचा आणि पुरुषाला सोडायचं, ही रीत आपण शोधलेली नाही. ती सरकारी आहे. इंग्रजी फौजेत गुप्तरोग माजला तेव्हा विलायतेत आधी सैनिकांनाही तपासत होते. १८५९ साली ते बंद केलं. कारण काय, तर शिपायाच्या स्वाभिमानाला धक्का बसतो. मग १८६४ साली कायदा केला तो बायकांना धरून तपासायचा. हिंदुस्थानात १८६८ चा चौदावा कायदा आला : बाईनं नाव नोंदवायचं, ठराविक मुदतीनं तपासणीला हजर व्हायचं, रोग निघाला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये बंद. मुंबईतही हा कायदा लावला. १८७१ साली विलायतेत याच्यावर आयोग बसला, त्यानं पुरुषांना का तपासत नाही याचं कारण कागदावर दिलं : बाई पैशासाठी करते, पुरुष करतो तो निसर्गाच्या ओढीनं, म्हणून दोघांची तुलना होत नाही. जोसेफिन बटलर नावाच्या बाईनं तिकडे वर्षानुवर्षं लढून ते कायदे मोडले. आपल्याकडचा १८८८ साली रद्द झाला.

शिपायाला स्वाभिमान असतो, बाईला नसतो. हे वाक्य कुणाच्या जिभेवर शोभतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. विटाळाचंही गणित हेच होतं. घाण करणारा एक आणि घाण ठरणारा दुसरा.

पुढं १९८६ साली भारतात एचआयव्हीचा पहिला पत्ता लागला. मद्रासला, सुधारगृहात ठेवलेल्या धंदेवाल्या बायकांच्या रक्तात. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी ते रक्त तपासलं, त्यांच्या कामाला मी नावं ठेवत नाही, त्या कामामुळं देश जागा झाला. पण बायकांचं रक्त हाताशी का होतं? कारण बायका कोंडलेल्या होत्या. त्यांच्याकडे आलेल्या पुरुषांचं रक्त मोकळं फिरत होतं. रोग निघालेल्या काही बायकांना नंतरही कोंडून ठेवलं, सुटकेसाठी कोर्टात जावं लागलं. १९८९ साली तर राज्यसभेत एड्सचं विधेयकच आलं, सक्तीनं तपासा आणि वेगळं ठेवा असं सांगणारं. बोंब झाली म्हणून ते मागं गेलं. पण १९५६ च्या अनैतिक व्यापाराच्या कायद्यात १९८६ च्या दुरुस्तीनं घातलेलं कलम आहेच : धाडीत सोडवून मॅजिस्ट्रेटसमोर आणलेल्या बाईची गुप्तरोगासाठी तपासणी करायची. त्याच खोलीत सापडलेल्या पुरुषाच्या तपासणीचं कलम मी शोधलं. मला मिळालं नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तपासणी नकोच काय? असं नाही. तपासणी पाहिजे. अक्का स्वतः पोरींना दर सहा महिन्यांनी एचआयव्हीच्या तपासणीला नेते, गरमीची तपासणीही होते. गरमी म्हणजे सिफिलिस, वेळेत कळला तर पेनिसिलिनच्या सुईनं बरा होतो. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार बाईला समजावून, तिची संमती घेऊनच रक्त घ्यायचं, आणि रिपोर्ट गुप्त ठेवायचा. भांडण तपासणीशी नाही, ती कुणासाठी करतात त्याच्याशी आहे. बाईच्या जिवासाठी, की गिऱ्हाइकाला माल चोख मिळावा म्हणून?

गिऱ्हाईक विचारतो ना, "कार्ड हाय काय? तपासलेली हायस काय?" मला हे अक्काकडून कळलं. कार्ड बघून तो निरोध नको म्हणतो. आता हा अडाणीपणा बघा. रक्तात एचआयव्ही शिरल्यावर साध्या तपासणीत तो दिसायला तीन आठवडे ते तीन महिने जाऊ शकतात. म्हणजे कार्ड हे मागच्या महिन्यांचं सांगतं, काल रात्रीचं नाही. आणि काल रात्री आलेल्याकडं कार्डच नव्हतं. बाईचं कार्ड दहा जण बघतात, दहा जणांचं बाई कधी बघत नाही. तिचं कार्ड कोरं राहायचं तर ते त्या दहा जणांच्या हातात आहे.

हे मला आमच्या खात्यामुळं नीट कळलं. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. कापसाची धूळ छातीत जाते, वर्षांनी दम लागतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. डॉक्टर आला की आमच्या छातीला नळी लावतो. हवेतली धूळ कुणी मोजताना मी पाहिला नाही. छाती खराब निघाली तर दोष छातीचा, माणूस बदला. कामगाराची छाती आणि बाईचं रक्त यांना एकच न्याय आहे.

मग जबाबदारी दोघांची म्हणजे निम्मी निम्मी काय? तेही नाही. ज्याच्या हातात पैसा आहे आणि ज्याला दार उघडून निघून जाता येतं, त्याच्यावर जास्त. एकटी बाई निरोधाशिवाय नाही म्हणाली की गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत जातो. घरवाली शिव्या घालते. हप्ता थकतो. कलकत्त्याच्या सोनागाछीत १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी काम सुरू केलं तेव्हा ही गोष्ट त्यांनी ओळखली. उपदेश करायला बाहेरच्या ताया आणल्या नाहीत, धंद्यातल्याच बायकांना कामाला घेतलं. १९९५ ला त्यांची 'दुर्बार' समिती उभी राहिली. सगळ्याच दारांनी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जाणार कुठं? याला आपल्या भाषेत संप म्हणतात. आपल्या सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' आहे, १९९६ ला बायकांनी स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद काढली. आपल्या किती जणांना ठाऊक आहे? आपण १९८२ च्या गिरणी संपावर कविता लिहितो, या संपावर एक ओळ नाही.

एक कोपरा मात्र त्या बायकांनाही अवघड जातो. गिऱ्हाइकाला निरोध, पण 'मालका'ला नाही. मालक म्हणजे तिचा कायमचा माणूस. त्याला निरोध दिला तर तो म्हणतो, मी काय गिऱ्हाईक हाय? प्रेमाची खूण म्हणून ती जीव धोक्यात घालते. अक्का हे सांगताना हसली, पण लगेच म्हणाली, "आन तुमच्या घरच्या बायका काय करत्यात?" खरं आहे. गरोदरपणात रक्त तपासल्यावर ज्या बाईला पहिल्यांदा कळतं, ती कुठल्या गल्लीत गेली होती? तिनं फक्त लग्न केलं होतं. आपल्या कवितेत ही बाई आहे काय? वस्तीतली बाई आहे, आई आहे, सावित्री आहे. कार्यकर्त्याची बायको नाही.

आपल्यातले काही मित्र इथं बाबासाहेबांचं नाव काढतील. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या आणि कामाठीपुऱ्यातल्या बायकांना हा धंदा सोडा असं बजावलं. हो, बजावलं. मीही तेच मानतो, कुठल्याही पोरीला जातीनं आणि भुकेनं त्या दारात ढकलू नये. पण बाबासाहेबांनी त्यांना समोर बसवून, माणूस म्हणून, त्यांच्या स्वाभिमानाला हाक घातली होती. आपण ते भाषण पाठ करतो आणि गल्लीसमोरून मान वळवून जातो. नाहीतर मान खाली घालून आत जातो. धंदा सोडायच्या दिवसापर्यंत तिनं जगायचं की नाही? यावर माझं आणि आमच्या संपादकाचं भांडण अजून मिटलेलं नाही. तो म्हणतो निरोध वाटणं म्हणजे धंद्याला मान्यता. मी म्हणतो धुळीचा फडका तोंडाला बांधला म्हणजे मी गिरणीमालकाला मान्यता दिली काय?

पोलिसांचंही डोकं संपादकासारखंच चालायचं. बाईच्या पिशवीत निरोध सापडले की तोच पुरावा. १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की निरोध बाळगणं हा गुन्ह्याचा पुरावा धरू नका.

आणि ते मरण. औषध २००४ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. रोज नेमानं घेतलं की विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसा तो दबलेला राहिला तर संबंधातून दुसऱ्याला लागत नाही. अक्काच्या ओळखीत अशा बायका आहेत, पोरांची लग्नं केलेल्या. आपल्या कवितेत मात्र ती शेवटच्या कडव्यात मरतेच. ती जगली तर आपल्या कवितेची अडचण होते.

अक्कानं विचारलं त्यानंतर दोन महिन्यांनी मी तपासणीला गेलो. दोन महिने का लागले, तर भीती आणि शरम. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, मागच्या बाजूला खोली. बाकड्यावर मी धरून तीन पुरुष, तिघंही भिंतीकडं बघत. आत एक बाई बसल्या होत्या, त्यांनी आधी दार लावलं, मग काय तपासणार, का, रिपोर्टचा अर्थ काय, सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुमची तयारी आहे ना?" आयुष्यात माझ्या अंगाला हात लावण्याआधी मला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. गिरणीत कधी विचारलं नाही. मी गल्लीत गेलो तेव्हा मीही विचारलं नव्हतं.

रिपोर्ट काय आला ते मी इथं छापणार नाही. तो माझा आहे. त्या बायकांचाही कवितेत छापत जाऊ नका.

जुनी कविता फाडली नाही, ती ठेवली आहे, गटारासकट. नवी लिहिली. तिच्यात एक पोरगा पगाराचं पाकीट घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा आहे, आणि बाई त्याला आत घेण्याआधी काहीतरी विचारते. ती अक्काला वाचून दाखवली. तिनं सगळी ऐकली, तंबाखू मळत मळत.

"बरी हाय," म्हणाली. "पर लई लांब झालीय. त्येवढ्या येळात गिऱ्हाईक निघून जाईल की रं."