कोकणातील भुते आणि एक जुना ग्रंथ

कोकणातील भुतांचे स्वभाव जाणावयाचे, तर आर. ई. एन्थोव्हेन यांच्या ‘फोकलोअर ऑफ द कोंकण’ या १९१५ सालच्या ग्रंथाकडे आजही वळावे लागते. त्यातील सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमविली. नाशिकचे हे कलेक्टर संस्कृतचे व्यासंगी होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यांचे टिपण एन्थोव्हेन यांच्या हाती आले. माहिती पुरविणारे पुष्कळसे गावोगावचे शाळामास्तर होते. आपले पनवेल ज्यात होते त्या कुलाबा जिल्ह्यातील मास्तरही त्यांत आहेत.

ग्रंथाचे बलस्थान म्हणजे या मास्तरांचे तपशील. मुंजा पिंपळावर राहतो. गिर्‍हा पाण्यातला, तो वाटसरूला भुलवून खोलात नेतो, परंतु त्याचे केस हाती लागले की निमूटपणे घरगड्यासारखा राबतो. (असा गडी कोणाला नको आहे!) वेताळ तर सर्वांचा राजा. हे वाचताना करमणूक होते खरी, पण थोड्याच वेळात ध्यानात येते की मेल्यावरही येथे कोणाची जात सुटलेली नाही. ब्राह्मणाचा समंध होतो, मौंज झालेल्या पोराचा मुंजा. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट आणि बाळंतपणात गेली तर अळवंत. जिवंतपणी ज्यांची दाद लागली नाही, त्यांचीच भुते अधिक क्रूर मानलेली दिसतात.

संपादकांनी मात्र याचा विचार केलेला नाही. गावकऱ्यांची बोली इंग्रजीत विरून गेली. उरली ती यादी. ‘देवचार’ हा शब्द पाहा. गोव्यात तो हिंदूंच्या दृष्टीने गावाचा राखणदार, तर कोकणी ख्रिस्ती बोलीत साक्षात सैतान. एकाच गावच्या सीमेवरील एकाच शब्दाचे हे दोन जन्म कसे झाले, यावर आम्हां धर्मगुरूंनीही लिहावयास हवे होते. ते आमच्याकडून राहिले.

बाळंतीण गेली तर ती परतू नये म्हणून वाटेवर राळ्याचे दाणे टाकावयाची रीत आहे. दाणे वेचता वेचता पहाट होते, अशी समजूत. आम्ही नवखे असताना एका ख्रिस्ती घरच्या अंत्ययात्रेत वृद्ध सासूच्या ओच्यात असे दाणे पाहिले आणि चारचौघांत तिला बोललो. तिने ओचा सोडला नाही, दाणेही टाकले नाहीत. दफनानंतर हलकेच म्हणाली, “फादर, टाकणारच होते. पण मग ती लेकराला बघायला कशी येईल?”

त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. या ग्रंथात राळ्याच्या दाण्यांसारख्या तोडग्यांची नोंद पुष्कळ आहे. त्या सासूसारखे कोणी मात्र त्यात बोलत नाही.