‘सार्वजनिक प्रयोजन’ आणि शासनसत्तेची मर्यादा : पनवेल परिसरातील भूसंपादनाची एक चिकित्सा

व्यक्तिस्वातंत्र्य व शासनसत्ता यांच्या परस्परसंबंधाची मराठीतील चर्चा बहुधा भाषणस्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य आणि स्थानबद्धता या विषयांभोवती फिरत राहिली आहे. ही चर्चा महत्त्वाची आहे यात शंका नाही. परंतु सामान्य शेतकऱ्याचा शासनसत्तेशी अत्यंत निकटचा संबंध येतो तो जमिनीच्या संदर्भात. ज्या क्षणी त्याच्या सातबाऱ्यावरील नाव त्याच्या इच्छेविरुद्ध बदलते, त्या क्षणी शासनाची सत्ता किती आणि ती कोठे थांबते, हा प्रश्न त्याच्यापुढे मूर्त स्वरूपात उभा राहतो. नवी मुंबईच्या उभारणीसाठी पनवेल, उरण व ठाणे या तालुक्यांत झालेले भूसंपादन या दृष्टीने अभ्यसनीय आहे. या संपादनाविषयी जे युक्तिवाद केले गेले, त्यांपैकी ‘मोबदला पुरेसा होता की नाही’ हा युक्तिवादच सर्वांत अधिक गाजला. वस्तुतः तो दुय्यम होय. जमिनीची गरज ठरविणारा कोण, आणि ती ठरविण्यापूर्वी कोणाचे म्हणणे ऐकण्यास तो बांधलेला आहे, हा खरा प्रश्न आहे.

प्रजेची मालमत्ता सार्वजनिक हितासाठी घेण्याचा राज्याचा अधिकार ग्रोशियसने १६२५ साली सिद्धान्तरूपाने मांडला आणि त्याबरोबरच भरपाईचे बंधनही सांगितले. पुढे लॉकने शासनविषयक दुसऱ्या प्रबंधात (१६८९) असे प्रतिपादन केले, की सर्वोच्च सत्तेलाही कोणाची मालमत्ता त्याच्या संमतीवाचून घेता येत नाही. परंतु लॉकच्या या विवेचनात एक निसरडी जागा आहे. ‘संमती’ या शब्दाचा अर्थ तेथे मालकाची स्वतःची संमती असा न राहता, बहुमताची किंवा प्रतिनिधींची संमती असा होतो. करआकारणीच्या बाबतीत हा अर्थ चालण्याजोगा आहे, कारण कर सर्वांवर बसतो आणि बहुमत स्वतःवरही ओझे घेत असते. भूसंपादनात तसे होत नाही. काही गावांची जमीन जाते आणि लाभ इतरत्र वाटला जातो. अशा वेळी विधिमंडळाचे बहुमत हे त्या गावांची संमती मानणे, म्हणजे ज्यांना काही गमवावे लागत नाही त्यांच्या होकारास गमावणाऱ्यांचा होकार मानणे होय. पनवेलचे दीर्घकाळ आमदार असलेले दि. बा. पाटील विधानसभेत या गावांची बाजू मांडत होते. पण त्या सभागृहात ही गावे अल्पमतातच राहणार हे उघड होते.

या संपादनास आधारभूत झालेला १८९४ चा भूमिसंपादन कायदा या दृष्टीने वाचला पाहिजे. मूळ कायद्यात हरकत ऐकण्याची तरतूदच नव्हती; ती ५-अ या कलमाने १९२३ च्या दुरुस्तीत आली. या कलमान्वये जिल्हाधिकाऱ्याने हरकती ऐकून अहवाल द्यावयाचा असे. निर्णय मात्र सरकारचा आणि तोच अंतिम. सहाव्या कलमाखालील सरकारचे जाहीर प्रकटन हा जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी हवी असल्याचा निर्णायक पुरावा मानला जाई. निकडीच्या प्रसंगी सतराव्या कलमाने ही सुनावणीदेखील टाळता येत असे. म्हणजेच मागणारा पक्ष, मागणीची योग्यता ठरविणारा पक्ष आणि हरकतीवर निर्णय देणारा पक्ष हे तिन्ही एकच होते. न्यायालयाचे दार उघडे होते ते प्रामुख्याने किमतीच्या वादासाठी. प्रयोजनाच्या वादाला तेथे फारच अरुंद वाट होती.

न्यायालयीन परंपराही याच दिशेची होती. मुंबईतील जमिनी परत घेऊन तेथे सरकारी अधिकाऱ्यांची निवासस्थाने बांधणे हे सार्वजनिक प्रयोजन ठरते काय, हा प्रश्न हमाबाई फ्रामजी पेटिट यांच्या दाव्यात उपस्थित झाला होता. १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने सरकारच्या बाजूने निर्णय दिला. व्यक्तिविशेषाच्या हिताहून भिन्न असे समाजाचे सर्वसाधारण हित ज्यात गुंतलेले आहे ते सार्वजनिक प्रयोजन, आणि तसे हित आहे की नाही हे सरकारला सामान्यतः चांगले कळते, असा त्या निर्णयाचा आशय होता. स्वातंत्र्योत्तर काळात १९६२ च्या सोमावंती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी प्रकटनाची निर्णायकता मान्य केली. केवळ अधिकाराचा दिखाऊ वापर झाला असल्यासच हस्तक्षेपास वाव ठेवला. राज्यकर्ते बदलले, पण प्रयोजन ठरविण्याचा अधिकार जेथे होता तेथेच राहिला.

या पार्श्वभूमीवर पनवेल परिसराकडे पाहावयाचे आहे. मुंबईच्या वाढीला खाडीपलीकडे वळविण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. त्याच वर्षी मुंबई-पनवेल व पुणे या महानगर प्रदेशांच्या नियोजनासाठी डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. १७ मार्च १९७० रोजी ‘सिडको’ची स्थापना झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र व त्यातील ९५ गावे या योजनेत आली. योजनेचे अर्थशास्त्र साधे होते : शेतजमीन शेतीच्या भावाने घ्यावी, तीवर रस्ते-पाणी करावे, वाढलेल्या भावाने ती द्यावी, आणि त्या फरकातून शहर उभे करावे. येथे जमीन हे शहर उभारणीचे साधन तर होतेच, शिवाय तेच त्याचे भांडवलही होते.

या अर्थशास्त्राला १८९४ च्या कायद्याने मोठाच आधार पुरविला. तेविसाव्या कलमाप्रमाणे किंमत धरावयाची ती चौथ्या कलमाखालील पहिल्या अधिसूचनेच्या दिवसाची, आणि चोविसाव्या कलमाप्रमाणे ज्या कामासाठी जमीन घेतली जाते त्या कामामुळे होणारी मूल्यवृद्धी हिशेबात धरावयाची नाही. अधिसूचनेपासून तीन वर्षांत सहाव्या कलमाखालील प्रकटन करण्याचे बंधन १९६७ च्या दुरुस्तीने आले होते. निवाड्याला मात्र १९८४ पर्यंत कालमर्यादा नव्हती. परिणामी १९७० च्या अधिसूचनांवर आधारलेले अनेक निवाडे १९८० च्या दशकात झाले. शेतकऱ्याच्या जमिनीचा काळ एका तारखेला थांबविण्यात आला; बाजाराचा काळ मात्र चालूच राहिला. उल्लेखनीय हे, की संपादन सक्तीचे असते या एका कारणासाठी किमतीवर १५ टक्के, आणि १९८४ पासून ३० टक्के, अधिक रक्कम देण्याची तरतूद कायद्यात होती. सक्ती ही हानी आहे हे कायद्याला ठाऊक होते. तिची टक्केवारी लावून तो मोकळा होत होता.

येथवरचे विवेचन वाचून, मालमत्तेचा हक्क अनुल्लंघनीय मानला असता तर हा अन्याय टळला असता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो निष्कर्ष टिकत नाही. पनवेल-उरणच्या आगरी, कोळी व कराडी समाजांतील कित्येक कुटुंबे जमिनीची मालक झाली तीच मुळी शासनसत्तेच्या बळावर. १९४८ च्या कुळकायद्याला १९५६ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाऱ्या कुळांना मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. याच कुलाबा जिल्ह्यात चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला होता. मालमत्ता सर्वथा पवित्र मानावयाची तर खोताची मालमत्ताही पवित्रच ठरली असती. तेव्हा एकाच सत्तेने १९५७ मध्ये दिलेली जमीन १९७० मध्ये परत मागितली, या घटनेतील दोष सत्तेने मालमत्तेला स्पर्श केला हा नव्हे. पहिल्या प्रसंगी दीर्घ लढ्यातून व जाहीर वादातून प्रयोजन सिद्ध झाले होते. दुसऱ्या प्रसंगी ते प्रकटनाने सिद्ध झालेले मानण्यात आले. हा भेद मूलगामी आहे.

मालकीवर आधारलेल्या युक्तिवादाची दुसरी उणीव अशी, की ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता त्यांना तो स्पर्शच करीत नाही. मिठागरांतील मजूर, खाडीत मासेमारी करणारा कोळी, दुसऱ्याच्या शेतावर राबणारी स्त्री, यांचे जीवनही या योजनेने बदलले. कलम ५-अ प्रमाणे हरकत घेण्याचा अधिकार मोबदल्यात हितसंबंध असणाऱ्यासच होता. ज्याला मोबदला नाही त्याला आवाजही नाही, असा हा कायदा होता. स्वातंत्र्याची मर्यादा मालकीच्या कुंपणापाशी आखली की हे सर्व लोक कुंपणाबाहेर राहतात.

नियोजनकारांची बाजूही न्याय्यपणे मांडली पाहिजे. जमीन सलगपणे सार्वजनिक ताब्यात आली नसती तर दलालांनी ती खरेदी केली असती, मूल्यवृद्धी त्यांच्या खिशात गेली असती आणि शहर अस्ताव्यस्त वाढले असते, असे ते म्हणत. ही भीती निराधार नव्हती. परंतु ‘सक्तीचे संपादन किंवा दलालांचे राज्य’ हे दोनच पर्याय होते असे मात्र नाही. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा आहे. त्यातील योजनेत मालक जमिनीचा काही भाग रस्ते व सोयींसाठी देतो, उरलेला पुनर्रचित भूखंड त्याच्याकडेच राहतो आणि मूल्यवृद्धीचा अंश तो सार्वजनिक निधीत भरतो. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यातही ही पद्धती कायम होती. पुढे विमानतळ-प्रभावक्षेत्रासाठी पनवेल तालुक्यातील गावांत ‘नैना’ योजना आली, तेव्हा याच पद्धतीचा अवलंब करून सुमारे ४० टक्के जमीन मालकाकडे ठेवण्याचे सूत्र स्वीकारले गेले. या सूत्रावरही आक्षेप आहेतच. तथापि जे सूत्र पुढे शक्य ठरले ते १९७० मध्येही कायद्याच्या पुस्तकात होते. त्याचा विचार का झाला नाही, याचे उत्तर देण्यास सरकारला भाग पाडणारी यंत्रणा नव्हती, हाच येथील मुख्य मुद्दा होय.

अशी यंत्रणा नसते तेव्हा वाद रस्त्यावर येतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळून ३००-अ या अनुच्छेदात ठेवला. शेतकऱ्याच्या हाती उरले ते सभा, मोर्चा आणि संघटन. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरातील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. किमतीच्या वादापासून निघालेला प्रश्न अशा रीतीने जीविताच्या हक्कापर्यंत पोहोचला. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना १९९० व १९९४ च्या शासननिर्णयांनी आकारास आली. मूल्यवृद्धीत मूळ मालकाचा वाटा आहे हे तत्त्व तीत प्रथमच मान्य झाले, हे तिचे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु त्या साडेबारांतून सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के वजा होत, आणि उरलेला भूखंड मिळे तो सिडकोच्या भाडेपट्ट्याने. काल जो मालक होता तो आपल्याच गावात पट्टेदार झाला. शिवाय ही योजना शासननिर्णयाने आलेली असल्यामुळे तिचे स्वरूप हक्काचे न राहता सवलतीचे राहिले.

या व्यवहाराची परिभाषाही बोलकी आहे. ‘संपादन’ हा शब्द मराठीत विद्या, कीर्ती, पुण्य यांच्यासाठी योजला जातो. त्यात कष्टाने मिळविल्याचा भाव आहे. ‘मोबदला’ या शब्दात अदलाबदल गृहीत आहे, आणि अदलाबदलीला दोघांची इच्छा लागते. सक्तीच्या क्रियेला स्वेच्छेचे शब्द लाभले. उलटपक्षी, कुटुंब वाढले म्हणून गावठाणालगत शेतकऱ्याने स्वतःच्या जुन्या जमिनीवर घर बांधले, तर ते ‘अनधिकृत’ ठरले. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग पुढे सरकारी भाषेत रूढ झाला. शासनाची गरज एका प्रकटनाने सिद्ध होते, रहिवाशाची गरज मात्र वर्षानुवर्षे सिद्ध करावी लागते. दोन गरजांच्या पुराव्यातील ही विषमता हेच सत्तेच्या अमर्यादतेचे लक्षण मानावे लागेल.

१ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणले. खाजगी कंपन्यांसाठी ८० टक्के, तर सार्वजनिक-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती आवश्यक केली. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पास मात्र संमतीची अट नाही. आणि महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या प्रकल्पांना मूल्यमापनातूनही सूट देण्याचा मार्ग ठेवला. या मानाने १६ मे २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा कलकत्ता महानगरपालिकेच्या प्रकरणातील निर्णय अधिक आश्वासक आहे. अनुच्छेद ३००-अ मध्ये न्यायालयाने सात उपाधिकार पाहिले : पूर्वसूचना, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, न्याय्य भरपाई, कार्यक्षम व विहित मुदतीतील कार्यवाही, आणि कार्यवाहीची परिपूर्ती. सातांपैकी भरपाई एकच आहे. पहिले तीन तर ऐकण्याशी व कारण देण्याशी संबंधित आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पनवेलच्या उदाहरणावरून निघणारा निष्कर्ष यामुळे स्पष्ट होतो. शासनसत्तेची मर्यादा मालमत्तेच्या पावित्र्यावर उभारली, तर ती खोतालाही संरक्षण देते आणि मिठागरातील मजुराला वाऱ्यावर सोडते. ती किमतीवर उभारली, तर प्रत्येक सक्तीला दर लावता येतो. ती कारण देण्याच्या आणि ते खोडून काढू देण्याच्या बंधनावर उभारली, तरच ती मालक व भूमिहीन दोघांच्याही उपयोगी पडते. हे बंधन १९७० मध्ये असते तर नवी मुंबई झालीच नसती असे म्हणता येणार नाही. कदाचित ती झाली असती. पण ती ९५ गावांना विचारून झाली असती, आणि साडेबारा टक्क्यांचा हिशेब जासईच्या रस्त्यावर मांडण्याची वेळ आली नसती.