खोक्यावरचा उजेड आणि रस्त्यावरचा उजेड

मोटारीच्या पुढच्या दिव्याचा बल्ब गेला की आपण स्पेअर पार्टच्या दुकानात जातो. दुकानदार चार खोकी समोर ठेवतो. एकावर लिहिलेले असते '१३० टक्के अधिक प्रकाश', दुसऱ्यावर '५००० केल्विन शुभ्र प्रकाश', तिसऱ्यावर 'तिप्पट आयुष्य' आणि चौथ्यावर नुसतेच '१००/९० वॅट'. चारही दावे विज्ञानाच्या भाषेत केलेले आहेत. तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकाने एखाद्या पाठ्यपुस्तकाचे करावे तसे त्यांचे परीक्षण करायला हरकत नसावी. येथे आम्ही तेच करणार आहोत. हे परीक्षण कोणा एका कंपनीचे नाही, खोक्यांवर रूढ झालेल्या भाषेचे आहे.

आमचा मुद्दा थोडक्यात असा : तापलेल्या तारेच्या दिव्यात अधिक प्रकाश, अधिक शुभ्रता आणि अधिक आयुष्य ही तिन्ही एकदम हाती लागत नाहीत. एक वाढवले की दुसऱ्यातून वजावट होते. खोके जमेची बाजू मोठ्या अक्षरांत छापते आणि खर्चाची बाजू गाळते.

तारेचा जमाखर्च

बल्बमधील टंगस्टनची तार, जिला पाठ्यपुस्तकात कुंतल म्हणतात, सुमारे ३००० केल्विनच्या आसपास तापते. ती जितकी अधिक तापेल तितका प्रकाश अधिक व शुभ्र, पण टंगस्टनची वाफही तितक्याच झपाट्याने होते आणि तार लवकर तुटते. अभियंते यासाठी एक ठोकळ नियम वापरतात. प्रकाश हा विद्युतदाबाच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि आयुष्य हे साधारण १३ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. हे घातांक बल्बच्या घडणीप्रमाणे थोडे बदलतात, पण चित्र बदलत नाही. दाब फक्त ५ टक्क्यांनी वाढवा : प्रकाश १८ टक्क्यांनी वाढेल, पण आयुष्य जवळजवळ निम्मे होईल. अकरावीच्या विद्यार्थ्याला लॉगॅरिथमचा उपयोग दाखवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

आता हा हिशेब हाताशी ठेवून खोकी वाचू.

'१३० टक्के अधिक'

कशाहून अधिक? आपल्याकडे सर्रास दिसणारा एच-४ प्रकारचा ६०/५५ वॅटचा बल्ब घेऊ. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या ३७ क्रमांकाच्या नियमानुसार १३.२ व्होल्टवर त्याने अपरच्या झोतात १६५० आणि डिपरच्या झोतात १००० ल्युमेन प्रकाश द्यायचा असतो. त्यात १५ टक्के कमी-जास्त चालते. म्हणजे डिपरला किमान ८५० व कमाल ११५० ल्युमेन. नियमात बसणारा सर्वांत तेजस्वी बल्ब नियमात बसणाऱ्या सर्वांत मंद बल्बापेक्षा फार तर ३५ टक्के अधिक प्रकाश देऊ शकतो. मग १३० टक्के आले कोठून?

ते येतात रस्त्यावरच्या एका ठरावीक भागातून. तारेचे वेटोळे आखूड व घट्ट केले की प्रकाशस्रोत लहान होतो आणि परावर्तक तो प्रकाश अधिक एकवटून टाकतो. त्या भागात प्रकाशाची तीव्रता खरोखरच बरीच वाढते. शिवाय तुलना नेहमीच्या बल्बाशी नसून कायद्याने मागितलेल्या किमान प्रकाशाशी असते. बारीक अक्षरांत हे छापलेलेही असते. तेव्हा दावा खोटा नाही. पण एकूण प्रकाश आणि एका जागेवरील प्रकाश यांतला भेद नववीच्या मुलाने उत्तरपत्रिकेत पुसून टाकला तर आपण गुण कापतो. तोच भेद खोके पुसते, आणि त्यासाठी तार अधिक तापवल्याने आयुष्य घटते हे पुढच्या बाजूला कोठेही सांगत नाही.

'५००० केल्विन'

टंगस्टन सुमारे ३६९५ केल्विनला वितळते. ५००० केल्विनला तापलेली टंगस्टनची तार असूच शकत नाही. हा आकडा मिळतो तो काचेवरच्या निळसर थरामुळे. हा थर तांबूस-पिवळ्या प्रकाशाचा काही भाग गिळतो व उरलेला पांढरा भासतो. गिळलेल्या प्रकाशाची भरपाई करायची तर तार आणखी तापवावी लागते. म्हणजे गिऱ्हाइकाने जास्त पैसे मोजून कमी टिकणारा बल्ब घेतला, आणि रस्त्यावर प्रकाश वाढला असे काही नाही. निळसर झगझगाट समोरच्याच्या डोळ्यांना मात्र अधिक खुपतो. चार दाव्यांपैकी हा आम्हांला सर्वांत कच्चा वाटतो.

'तिप्पट आयुष्य'

हा दावा अधिक प्रामाणिक आहे, पण अर्धवट आहे. केवळ तार कमी तापवून आयुष्य दुप्पट करायचे ठरवले तर वरच्या नियमाप्रमाणे सुमारे १७ टक्के प्रकाश सोडावा लागतो, तिप्पट करायचे तर सुमारे २५ टक्के. एवढी घट नियमात बसणे कठीण. म्हणून चांगले उत्पादक दुसरा मार्गही धरतात. काचेच्या लहान कुपीत जड निष्क्रिय वायू अधिक दाबाने भरला की टंगस्टनच्या अणूंना तारेपासून दूर जाणे अवघड होते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. हॅलोजन दिव्यात उडालेले टंगस्टन आयोडीन किंवा ब्रोमीनशी संयोग पावते व पुन्हा तारेवर येऊन बसते, म्हणून तार झिजत नाही, असे अनेकदा शिकवले जाते. जनरल इलेक्ट्रिकच्या झुब्लर व मॉस्बी यांनी १९५९ मध्ये या दिव्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे चक्र सर्वपरिचित आहे. पण टंगस्टन जिथून उडाले तिथेच परत बसत नाही, ते तारेच्या तुलनेने थंड भागांवर बसते. पातळ झालेली जागा पातळच राहते आणि शेवटी तिथेच तार तुटते. चक्राचा खरा फायदा हा की काच काळी पडत नाही. त्यामुळे कुपी लहान ठेवता येते, आणि लहान, जाड कुपीत वायूचा दाब वाढवता येतो. आयुष्य मुख्यतः त्या दाबाने वाढते.

'तिप्पट' म्हणजे किती तास, हेही खोक्यावर नसते. उत्पादकांच्या तांत्रिक पत्रकांत मात्र बी-३ आणि टीसी असे दोन आकडे सापडतात. बी-३ म्हणजे ३ टक्के बल्ब जाईपर्यंतचे तास, टीसी म्हणजे ६३.२ टक्के बल्ब जाईपर्यंतचे तास. साध्या बल्बांचे हे आकडे काहीशे तासांचे असतात, 'अधिक प्रकाश' देणाऱ्यांचे त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी. हेच आकडे दर्शनी बाजूला छापावेत, एवढीच आमची मागणी आहे.

'१००/९० वॅट'

येथे तर कसलाच दावा नाही, फक्त मोह आहे. ५५ ऐवजी ९० वॅट घेतले की १२ व्होल्टला ४.६ ऐवजी ७.५ अँपिअर विद्युतधारा वाहते. तारांतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे २.७ पट होते. होल्डर वितळतो, परावर्तकाचा मुलामा करपतो, आणि वायरिंगमध्येच दाब घटल्याने अपेक्षित प्रकाशही पुरता मिळत नाही. गाडीच्या वायरिंगचा विचार न करता विकलेला हा बल्ब आमच्या मते निखालस वाईट माल आहे.

आता एलईडीचा पर्याय पुढे केला जातो. त्याची चिप तारेपेक्षा कितीतरी अधिक टिकते हे खरे. पण एच-४ चा परावर्तक तारेच्या जागेसाठी आखलेला असतो. डिपरच्या तारेखालची धातूची छोटी वाटी वर जाणारा प्रकाश अडवते. प्रकाशस्रोत थोडा जरी सरकला तरी झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जर्मनीत २०२० पासून असे काही बल्ब मंजूर झाले, तेही ठरावीक गाड्यांच्या ठरावीक दिव्यांपुरते. कोणताही एलईडी कोणत्याही हेडलाइटला चालतो, हे दुकानातले वाक्य त्यामुळे टिकत नाही.

मग घ्यायचा कोणता?

आधी मल्टिमीटर घ्यावा. इंजिन चालू व दिवे लावलेले असताना बल्बच्या होल्डरवर दाब मोजावा. बल्बचे आकडे १३.२ व्होल्टचे असतात. होल्डरवर १४.४ व्होल्ट मिळत असतील तर आयुष्य सुमारे एकतृतीयांश उरते. अशा गाडीत बल्ब वारंवार जातात तेव्हा दोष बल्बमध्ये नाही, रेग्युलेटरमध्ये शोधावा. उलट १२ व्होल्टच मिळत असतील तर प्रकाश सुमारे २८ टक्क्यांनी घटतो. तिथे महाग बल्बापेक्षा गंजलेली जोडणी घासणे व रिले बसवणे स्वस्त पडते.

त्यानंतर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचा व वॅटचा, मान्यतेचा शिक्का असलेला, न रंगवलेल्या काचेचा साधा किंवा दीर्घायुषी बल्ब घ्यावा. काचेला बोट लावू नये, बोटाचा तेलकट डाग तापून काच बिघडते. एक बल्ब गेला की दुसराही त्याच वयाचा असतो, म्हणून दोन्ही बदलावेत आणि चालू असलेला जुना गाडीत जपून ठेवावा. शेवटी भिंतीवर झोताची उंची तपासून घ्यावी.

वर्गासाठी एक सूचना. विद्यार्थ्यांना बल्बची रिकामी खोकी जमवायला सांगावीत आणि प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारायला लावावेत : कशाच्या तुलनेत? कोणत्या दाबाला? कशाच्या बदल्यात? ज्या खोक्याला तिन्हींची उत्तरे देता येतील ते विकत घेण्याजोगे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार पुढच्या दिव्याचा झोत समोरच्याला दिपवणार नाही इतका खाली वळवलेला असला पाहिजे. बल्ब निवडतो गाडीचा मालक, पण त्याचा झोत सोसतो समोरून येणारा सायकलस्वार आणि रस्त्याच्या कडेने चालणारा शेतमजूर. त्यांना खोके वाचायची संधीच मिळत नाही. म्हणून ते आपण नीट वाचले पाहिजे.