आत्मज्ञान : निरीक्षण आणि निर्धार

‘मी असा का वागलो?’ ह्या प्रश्नाचे खरे उत्तर ज्याचे त्यालाच ठाऊक असते, अशी सर्वसामान्य समजूत आहे. देकार्तने १६४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मेडिटेशन्स’मध्ये ह्या समजुतीस तात्त्विक अधिष्ठान दिले. बाह्य जगाविषयी, किंबहुना स्वतःच्या देहाविषयीही, संशय घेता येतो; आपण विचार करीत आहोत ह्याविषयी मात्र तो घेता येत नाही. सारांश, मनाला मनाइतके सुगम दुसरे काही नाही. गिल्बर्ट राइलने ‘द कॉन्सेप्ट ऑफ माइंड’ (१९४९) ह्या ग्रंथात नेमका हाच विशेषाधिकार नाकारला. हा नकार कितपत टिकतो हे पाहावयाचे, तर तत्त्वज्ञानाबरोबर मानसशास्त्राचीही साक्ष काढावयास हवी.

शेजारी चिडखोर आहे हे आपण त्याच्या वागण्याबोलण्यावरून ओळखतो. आपण स्वतः चिडखोर आहोत हेही तसेच ओळखतो, असे राइलचे प्रतिपादन आहे. भेद असलाच तर तो पुराव्याच्या प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नव्हे. भारतीय दर्शनांच्या अभ्यासकास ही विचारसरणी अगदीच अपरिचित वाटू नये. ज्ञान स्वतः प्रत्यक्ष होत नाही, विषयाच्या ठायी आलेल्या ‘ज्ञातते’वरून त्याचे अनुमान करावे लागते, असे भाट्ट मीमांसकांनी मानले होते. अर्थात त्यांचा प्रश्न ज्ञानाचा होता आणि राइलचा मुख्यतः स्वभावाचा व हेतूंचा आहे, हे विसरून चालणार नाही.

राइलने केवळ भाषेच्या विश्लेषणातून जे मांडले, त्याला पुढे प्रयोगांचा आधार मिळाला. निस्बेट व विल्सन ह्यांनी १९७७ मध्ये एका प्रयोगाची हकीकत दिली. दुकानात ग्राहकांपुढे पायमोज्यांचे चार जोड मांडून त्यांतील उत्तम जोड निवडावयास सांगितले गेले. चारही जोड एकसारखेच होते. तरीही उजव्या टोकाच्या जोडाकडे कल स्पष्ट दिसला. कारण विचारता जागेचा उल्लेख कोणीही आपण होऊन केला नाही. उलट, जागेचा परिणाम झाला असेल काय असे विचारल्यावर बहुतेकांनी ते नाकारले. २००५ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकले. दोन छायाचित्रांतून आवडता चेहरा निवडल्यावर हातचलाखीने दुसरेच छायाचित्र निवडणाऱ्याच्या हाती दिले जाई. बहुतेक वेळा ही अदलाबदल त्याच्या ध्यानात येत नसे, आणि न केलेल्या निवडीची कारणे तो निःशंकपणे सांगे. तेव्हा आपल्या कृतीची जी कारणे आपण प्रांजळपणे सांगतो, त्यांतील पुष्कळशी मागाहून जुळविलेली असतात, हे मान्य करणे प्राप्त आहे.

परंतु येथेच राइलच्या मताची मर्यादाही दिसू लागते. वरील प्रयोगांचा विषय घडून गेलेल्या कृतीची कारणे हा आहे. ‘हा सिद्धान्त तुला पटतो काय?’ असे विचारले असता विद्यार्थी आपल्या मनात डोकावून तेथे पटल्याची खूण शोधीत नाही, की आपल्या पूर्वीच्या वागण्यावरून अनुमानही काढीत नाही. तो सिद्धान्ताचाच विचार करतो आणि मत बनवितो. गॅरेथ एव्हन्सच्या १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ह्या वैशिष्ट्याकडे लक्ष वेधलेले आहे. रिचर्ड मोरानने २००१ मध्ये त्यातून स्वतःच्या मताची जबाबदारी घेण्याची कल्पना विकसित केली. ‘मी’विषयीचे प्रत्येक विधान करणारा त्या विधानातून निसटतो, हे राइलनेही हेरले होते. पण त्यात त्याला केवळ एक तार्किक कोडे दिसले. जो निसटतो तोच निर्णय करणारा आहे, ह्याचे महत्त्व त्याने ओळखले नाही.

हा भेद केवळ पारिभाषिक नव्हे. एखाद्याने दुसऱ्याचे मन दुखावले आणि वर ‘माझा स्वभावच तापट’ असे सांगितले, तर त्याचे निदान अचूक असू शकेल. तरीही ती पळवाट ठरते. तेथे तो स्वतःकडे शेजाऱ्यासारखा पाहत असतो. ‘पुन्हा असे करणार नाही’ हा शब्द मात्र भाकीत नसतो. गतायुष्याचा पुरावा पाहून दिलेला शब्द हा मुळी शब्दच नव्हे.

ह्यावर असा आक्षेप येईल की निर्धारही फसवा असू शकतो. तो रास्त आहे, आणि म्हणूनच निरीक्षणाचे महत्त्व कमी होत नाही. आपल्या हातून काय व का घडले, ह्याविषयी इतरांची साक्ष पुष्कळदा आपल्याहून विश्वसनीय असते, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. परंतु ती ऐकल्यानंतर आपण कशाला बांधील राहावयाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर कोणताही साक्षीदार देऊ शकत नाही. राइलने पहिल्या प्रश्नाचा उलगडा केला. दुसरा त्याच्या ग्रंथात अनुत्तरित राहिला आहे.