पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ : श्रद्धा आणि कृती यांचा अनुबंध

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १९०७ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून आपली आत्मकथनपर ‘साक्ष’ इंग्रजीत प्रसिद्ध केली. धर्मांतराची कहाणी म्हणूनच तिचे वाचन बहुधा होते. प्रस्तुत लेखात मात्र एका वेगळ्या प्रश्नाच्या अनुषंगाने तिचा विचार करावयाचा आहे. संकटकाळी ईश्वरावर भार टाकणे म्हणजे स्वतः काही न करणे, असे रमाबाईंना अभिप्रेत आहे काय?

रमाबाईंच्या आयुष्यातील दोन दुष्काळांची तुलना केल्यास या प्रश्नाचे उत्तर हाती लागते. पहिला दुष्काळ १८७० च्या दशकातील. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा, उपवास, दानधर्म व पुराणकथन यांत आयुष्य वेचीत होते. होते नव्हते ते द्रव्य देवकार्यात खर्ची पडले. देव प्रसन्न होईल या आशेवर कुटुंब उपाशी राहिले. आई, वडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. या शोकांतिकेचे रमाबाईंनी केलेले निदान लक्षणीय आहे. केवळ देवांना बोल लावून त्या थांबत नाहीत. जातीचा व विद्वत्तेचा अभिमान अंगमेहनतीच्या आड आला आणि चरितार्थाचे व्यावहारिक शिक्षणही मिळालेले नव्हते, याची त्या स्पष्ट कबुली देतात.

दुसरा दुष्काळ १८९६-९७ चा, मध्य प्रांतातील. जॉर्ज म्यूलर यांच्यासारख्यांची चरित्रे वाचून ईश्वर गरजा पुरवितो ही धारणा रमाबाईंच्या ठायी दृढ झाली होती. पुरेसा पैसा हाताशी नसताना त्यांनी शेकडो निराधार मुलींना आश्रय देण्याचे साहस केले. मात्र प्रार्थनेपाठोपाठ केडगावी विहिरी खोदल्या गेल्या, शेती उभी राहिली, विणकाम व छपाई सुरू झाली. प्रार्थना डोंगरे कुटुंबातही होती. श्रमाला प्रतिष्ठा नव्हती. दोन्ही प्रसंगांतील मूलभूत भेद हा आहे.

हा भेद दोन धर्मांतील भेद म्हणून मांडणे योग्य होणार नाही. सावता माळी व गोरा कुंभार यांनी आपापला व्यवसाय न सोडता भक्ती केली, ही परंपरा महाराष्ट्राला परिचित आहे. शिवाय पूर्वायुष्यातील श्रद्धेचे चित्रण नंतरच्या श्रद्धेच्या प्रकाशात झालेले आहे, हेही वाचकाने ध्यानी ठेवले पाहिजे.

या लेखनाची मर्यादा ‘साक्ष’ या प्रकारातच आहे. साक्ष देणारी व्यक्ती सर्व श्रेय ईश्वराला अर्पण करते. त्यामुळे तिचे स्वतःचे कर्तृत्व झाकोळते. १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्याची हमी दिली होती. त्या हमीमागे रमाबाईंचा अमेरिकेतील अविश्रांत प्रवास, व्याख्याने व ग्रंथलेखन होते. केडगावचे यश केवळ चमत्कार मानल्यास एका स्त्रीची संघटनशक्ती आपण नाकारतो. उलट श्रद्धा हे केवळ निमित्त मानल्यास, साधने अपुरी असताना हे धाडस का घडले, याचा उलगडा होत नाही.

सारांश, रमाबाईंच्या लेखी श्रद्धा हा कृतीला पर्याय नाही. फळाची हमी नसताना पहिले पाऊल उचलण्याचे ते बळ आहे. ‘साक्ष’ या कृतीचे वाङ्मयीन व सामाजिक मोल या जाणिवेत सामावलेले आहे.