‘स्वतः’, ‘अमक्याची पत्नी’ आणि मतदार

स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास आपल्याकडे बहुधा शिष्टमंडळे, ठराव आणि कायदे यांच्या कालक्रमाने सांगितला जातो. हा क्रम आवश्यक आहे. पण त्यात एक बाब अलक्षित राहते. मतदार ही राजकीय कोटी असली, तरी तिला भाषिक अस्तित्वही असते. मतदार होण्यासाठी यादीत एक नाव असावे लागते आणि त्या नावामागे इतर सर्व नात्यांपासून विलग केलेली एक व्यक्ती गृहीत धरावी लागते. स्त्रियांची आत्मचरित्रे वाचताना आपली समीक्षाही नेमकी हीच अपेक्षा बाळगते. जिथे निवेदिकेचा ‘मी’ स्वतंत्रपणे उभा राहत नाही, तिथे कर्तेपणाचा अभाव आहे, असा निष्कर्ष ती काढते. हा निष्कर्ष किती टिकतो, हे मताधिकाराच्या इतिहासाच्या आधारे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली प्रसिद्ध झाले. शीर्षकातील ‘आमच्या’ हे बहुवचन अर्थपूर्ण आहे. त्याहून अर्थपूर्ण आहे ते पतीच्या निर्देशासाठी योजलेले ‘स्वतः’ हे सर्वनाम. पतीचे नाव न घेण्याच्या रूढीतून हा प्रयोग आलेला असला, तरी त्याचा परिणाम विलक्षण होतो. आत्मकथनाच्या केंद्रस्थानी असलेला शब्दच निवेदिकेच्या वाट्याला येत नाही. तो पतीवाचक होतो. कॅथरिन गेट्स यांनी 1938 साली या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा त्याला ‘हिमसेल्फ’ असेच शीर्षक दिले. या आधारावर हे आत्मचरित्र नव्हेच, पत्नीने लिहिलेले पतीचे चरित्र आहे, असे म्हणणे सोपे आहे.

पण याच रमाबाईंनी पुढे मुंबई इलाख्यातील मताधिकाराच्या चळवळीत पुढाकार घेतला. डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडू आणि मार्गारेट कझिन्स यांचा सहभाग असलेले शिष्टमंडळ मद्रास येथे माँटेग्यूंना भेटले होते. त्यानंतर साउथबरो समितीने स्त्रियांची मागणी नाकारली आणि 1919च्या कायद्याने निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. मद्रास आणि मुंबई येथे 1921 साली मालमत्तेच्या अटीसह हा अधिकार मान्य झाला. तेव्हा ज्या लेखिकेच्या संहितेत ‘स्वतः’ म्हणजे पती, ती सार्वजनिक जीवनात स्त्रियांच्या स्वतंत्र मताची मागणी करीत होती. यात विसंगती दिसते, ती कर्तेपणाचा पुरावा आपण फक्त सर्वनामांत शोधतो म्हणून.

‘स्वतःचे नाव’ ही कल्पनादेखील तितकीशी निर्मळ नाही. रमाबाईंचे माहेरचे नाव यमुना. ‘रमा’ हे विवाहानंतरचे. ज्या नावाने त्या लेखिका आणि कार्यकर्त्या म्हणून ओळखल्या गेल्या, ते नावच नात्यातून आलेले आहे. म्हणून नाते वजा केले की उरतो तो खरा ‘मी’, हे गणित येथे सुटत नाही.

वसाहतीच्या कायद्याने याच नात्याचा वापर उलट्या दिशेने केला. मालमत्ता बहुतांशी पुरुषांच्या नावे असल्याने मतदार स्त्रियांची संख्या अत्यल्प राहिली. त्यावर उपाय म्हणून मालमत्ताधारकाची पत्नी किंवा विधवा असणे हीच पात्रता धरावी, अशी शिफारस 1932 साली लोथियन समितीने केली आणि 1935च्या कायद्यात तिला स्थान मिळाले. अखिल भारतीय महिला परिषदेसह प्रमुख स्त्रीसंघटनांनी या पात्रतेला विरोध करून प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. संख्या वाढत असतानाही त्यांनी आक्षेप घेतला, हे महत्त्वाचे. नात्यातून बोलणे आणि नात्याच्या आधारावर मोजले जाणे यांतील भेद त्यांना नेमका कळला होता. पहिल्यात स्त्री नात्याचा अर्थ लावते. दुसऱ्यात नाते तिचा अर्थ लावते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या 326व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला. मात्र 1951–52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होताना, प्रामुख्याने उत्तर भारतात, असंख्य स्त्रियांनी आपले नाव परक्या पुरुषाला सांगण्याचे टाळले. त्यांची नोंद ‘अमक्याची पत्नी’, ‘अमक्याची मुलगी’ अशी झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य न धरण्याचा निर्णय घेतला. सुमारे 8 कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ 28 लाख स्त्रिया योग्य नाव न दिल्यामुळे वगळल्या गेल्या. 1935 साली ज्या निर्देशाने मत मिळत होते, त्याच निर्देशाने आता ते जात होते.

सेन यांच्या निर्णयाचे समर्थन करता येते. नावाविना ओळख पटत नाही आणि नाव नोंदवण्याचा आग्रह धरल्यामुळेच पुढील याद्या सुधारल्या. परंतु त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उरतोच. रूढी घडवली कुटुंबाने, नियम केला राज्याने आणि वगळली गेली ती स्त्री. तिने पाळलेल्या मौनाला मर्यादेचा, सावधपणाचा, परक्याविषयीच्या अविश्वासाचा अर्थ असू शकतो, याला यादीच्या रकान्यात जागा नव्हती.

समीक्षेची जबाबदारी येथून सुरू होते. नोंदणी करणाऱ्या कारकुनाला रकाना भरावा लागतो. समीक्षकाला तशी सक्ती नाही. तरीही ‘आमच्या’ म्हणणारी, पतीला ‘स्वतः’ म्हणणारी संहिता आपण जेव्हा आत्मचरित्राच्या यादीतून वगळतो, तेव्हा आपणही तोच नियम लावत असतो. 1935च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला केवळ नात्यात विरघळवणारे वाचन जितके अपुरे, तितकेच नात्याबाहेरचे निखळ नाव मागणारे वाचनही अपुरे आहे. रमाबाईंच्या संहितेत ‘मी’ आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच फारसा फलदायी नाही. ‘स्वतः’ हा शब्द दुसऱ्याला देऊनही ती काय पाहते, काय निवडते आणि काय सांगते, हे वाचले पाहिजे. निवड करण्याची ही कृतीच मताधिकाराच्या मुळाशी असते.